खिशातलं जुनं घड्याळ दिवेलागणीलाच का थांबतं?

तक्रार आधी जशी होती तशी सांगतो. आमच्या घरी पंजोबांचं साखळीचं घड्याळ आहे. दुरुस्त करून आणलं की दोन-तीन महिने झकास चालतं. मग एखाद्या दिवशी थांबतं. हातात घेऊन जरा हलवलं की टिकटिक परत सुरू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. होता होता रोज थांबायला लागतं, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सहाच्या आसपास. आठ वर्षांत तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्यांदा दीडशे रुपये गेले, शेवटच्या वेळी दोन हजार. तिन्हीकडे उत्तर एकच मिळालं: "घाण बसली होती, धुतलंय, तेल घातलंय." तिन्ही वेळा घड्याळ चाललं, आणि तिन्ही वेळा सहावर येऊन बसलं.

मी घड्याळजी नाही. परभणी जिल्ह्यात शाळेवर विज्ञान शिकवतो. पण या एका घड्याळापायी जे काही शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण मराठवाड्यात अशी घड्याळं अजून पुष्कळ घरांत आहेत. कुणाचे आजोबा निजामाच्या रेल्वेत होते, कुणाचे पाटील होते, कुणी मुंबईहून हौसेनं आणलेलं. बहुतेकांची रवानगी "चालत नाही" म्हणून कपाटात झालेली असते. त्यातली निम्मी तरी मेलेली नसतात, अडलेली असतात.

आमच्या आजीचं निदान वेगळं होतं. तिचे सासरे, म्हणजे माझे पंजोबा, दिवेलागणीला गेले. "आठवण करायलंय ते," ती म्हणायची, "राहू दे की तसंच." तिच्याशी वाद घालायला माझ्याकडं तेव्हा काही नव्हतं. खरं सांगायचं तर तिचं निदान तिन्ही दुकानांपेक्षा बरं होतं. दुकानांनी फक्त 'थांबतं' एवढंच ऐकलं होतं. आजीनं 'कधी थांबतं' ते लक्षात ठेवलं होतं.

आता घड्याळाबद्दल थोडं. डायलवरचं नाव झिजून गेलंय. मागचं झाकण उघडलं की आत आणखी एक पातळ झाकण आहे आणि त्यावर फ्रेंचमध्ये कोरलंय: 'आंक्र, १५ रुबी'. असं लिहिलेली हजारो स्विस घड्याळं त्या काळात हिंदुस्थानात आली. वेस्ट एंडसारखी कंपनी १८८६ पासून मुंबईत बसून हाच धंदा करत होती. घड्याळ बनायचं स्वित्झर्लंडमध्ये आणि विकलं जायचं इथल्या रेल्वेवाल्यांना, फौजींना, वकिलांना. आंक्र म्हणजे नांगर. आतल्या एका छोट्या तुकड्याचा आकार जहाजाच्या नांगरासारखा असतो म्हणून ते नाव पडलं. ही रचना थॉमस मज या इंग्रज कारागिरानं १७५५ च्या सुमारास काढली आणि पुढं चावीच्या घड्याळांनी तीच धरून ठेवली.

रुबी म्हणजे माणिक. इथं एक गैरसमज मोडायला हवा, कारण आमच्याकडं दर दुसरा माणूस सांगतो की अमक्या घड्याळजीनं आमच्या घड्याळातले हिरे काढून घेतले. हिरे नसतातच. धातूची बारीक टोकं धातूच्या भोकात फिरली तर झिजतात, म्हणून भोकांच्या जागी कठीण दगडाच्या टिकल्या बसवतात. वेर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये भट्टीत माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली, आणि त्यानंतर या टिकल्या अगदी स्वस्त झाल्या. त्या चोरून कुणी वाडा बांधलेला नाही.

घड्याळ चालतं कसं हे दोन वाक्यांत सांगणं अवघड आहे, पण पुढचं निदान त्यावरच उभं आहे. चावी दिली की डब्यातली कमान आवळली जाते आणि सुटायला बघते. ती सुटण्याची ताकद चार चाकांमधून पुढं सरकते. डब्याचं दातेरी चाक हे पहिलं; दुसरं, म्हणजे मधलं, तासाला एक फेरा घेतं, त्यावर मिनिटकाटा बसतो, चौथं मिनिटाला एक फेरा घेतं, त्यावर सेकंदकाटा. या चाकांच्या शेवटी १५ दातांचं एक पोलादी चाक असतं आणि नांगर त्याचा एकेक दात अडवत-सोडत असतो. नांगराला हुकूम देतं ते झुलतं चाक, म्हणजे बॅलन्स. ते केसासारख्या बारीक कमानीवर, हेअरस्प्रिंगवर, सेकंदाला पाच झोके घेतं. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. आमच्या शाळेतल्या पोरांना हा आकडा सांगितला की ती हमखास विचारतात, "सर, दमत नाही का?" दमतं. पण त्याच्या दमण्याचं गणित आहे, आणि आमच्या घड्याळाचा रोग त्याच गणितात लपून बसला होता.

हलवू नका

परभणीत जुन्या बाजारपेठेत एक म्हातारे घडीसाज बसायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. हात थरथरतो म्हणून त्यांनी काम थांबवलं होतं, पण टेबल-खुर्ची आणि डोळ्याला लावायचं भिंग सोडवत नव्हतं. घड्याळ थांबलेलं असतानाच मी त्यांच्याकडं नेलं. चालू होतं का दाखवायला म्हणून हलवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "हिलाओ नक्को मास्तर. पहले देखो."

तोवर आठ वर्षं मी हेच करत आलो होतो. थांबलं की हलवायचं. तुम्हीही तेच करत असणार. थांबलेलं घड्याळ म्हणजे घटनास्थळ असतं. कोणता काटा कुठं आहे, कमान किती उरलीय, घड्याळ उभं होतं की आडवं, हे सगळं त्या क्षणी समोर असतं. एक झटका दिला की सगळं पुसलं जातं. बरं, त्या झटक्यानं होतं काय, तर झुलत्या चाकाला फुकटचा एक जोर मिळतो, अडलेली गोष्ट ओलांडली जाते आणि आपल्याला वाटतं घड्याळ ठीक झालं.

थांबून आपोआप सुरू होणारं घड्याळ तर पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा वाईट. अमेरिकेत ओहायोतल्या किप्टन गावाजवळ एप्रिल १८९१ मध्ये दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका चालकाचं घड्याळ चार मिनिटं थांबून परत चालू झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. त्या अपघातानंतर तिथल्या रेल्वेगाड्यांवरच्या घड्याळांसाठी कडक नियम आले: आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक चालणार नाही, आणि घड्याळ वेगवेगळ्या स्थितींत, उभं-आडवं, तपासलेलं हवं. आमच्या पंजोबांची नोकरीही रेल्वेतलीच. मनमाडहून परभणी-नांदेडमार्गे हैदराबादेकडं जाणाऱ्या त्या छोट्या लाईनीवर त्यांनी हे घड्याळ पंचवीस-तीस वर्षं खिशात वागवलं. तेव्हा ते सहाला थांबत असतं तर त्यांनी चालवून घेतलं नसतं, एवढं नक्की. म्हणजे रोग नंतरचा. हा धागा मला फार उशिरा सुचला.

वही

चाचांनी घड्याळ उघडलंच नाही. म्हणाले, वही कर. थांबेल तेव्हा हात न लावता लिहायचं: तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा कुठं, चावी कधी दिली होती, घड्याळ टेबलावर होतं, खुंटीला होतं की खिशात. महिनाभर.

मोबाईलनं फोटो काढला तरी चालतो, मात्र जरा लांबून. मोबाईलच्या स्पीकरमध्ये आणि त्याच्या झाकणाच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतं. ते प्रकरण पुढं येईल.

महिन्यात १७ नोंदी झाल्या. त्यातल्या १२ नोंदी ५:३५ ते ६:२५ च्या आत. उरलेल्या पाच कुठंही: सव्वाअकरा, पावणेतीन, असं. नुसतं बघितलं तर आजीचं खरं. पण सेकंदकाट्याचा रकाना बघितल्यावर मी वर्गात पाढे म्हणणारी पोरं तशीच सोडून चाचांकडं पळालो होतो (हे मुख्याध्यापकांना माहीत नाही). त्या बाराही नोंदींत सेकंदकाटा ६० च्या आजूबाजूला होता. आणि सहा वाजायच्या आधी थांबलं असेल तर काटा ६० ओलांडून दोन-चार सेकंद पुढं; सहानंतर थांबलं असेल तर ६० ला दोन-चार सेकंद कमी.

तुमच्याकडं असं घड्याळ असेल तर समोर ठेवून बघा. सेकंदाचं छोटं वर्तुळ डायलच्या खालच्या बाजूला, सहाच्या आकड्याच्या जागी असतं. त्यातला ६० चा आकडा वर, घड्याळाच्या मध्याकडं तोंड करून. सहा वाजता तासकाटा सरळ खाली, या छोट्या वर्तुळावर येतो. सेकंदकाटा दर मिनिटाला वर येऊन त्याच्या पोटाखालून जातो. ५:४० ला तासकाटा थोडा उजवीकडं असतो, म्हणून सेकंदकाटा ६० ओलांडल्यावर त्याला गाठतो. ६:२० ला तासकाटा डावीकडं सरकलेला, म्हणून गाठभेट ६० च्या अलीकडं.

म्हणजे काट्याला काटा लागत होता. एवढंच. या बारा नोंदींमागं घाण नव्हती, कमान मोडली नव्हती, पंजोबा तर नव्हतेच.

पण मग संध्याकाळीच का?

बारा तासांच्या डायलवर सहा दिवसातून दोनदा वाजतात. काटे सकाळीही लागतच असणार. मग पहाटे सहाला घड्याळ का थांबत नव्हतं? पंजोबांपासूनची पद्धत अशी की रात्री जेवणं झाली, नऊ वाजले, की चावी द्यायची. पहाटे सहाला कमान नऊ तासांची म्हातारी असते, ताकद भरपूर, काटा काट्याला घासत पुढं निघून जातो. संध्याकाळी सहाला त्याच चावीला २१ तास झालेले. पूर्ण चावी दिलेलं तब्येतीचं घड्याळ असेल तर झुलतं चाक मधल्या जागेपासून एका बाजूला पाऊण फेरीपर्यंत झोका घेतं. कमान सैल होत जाते तसा झोका आखूड होत जातो. सकाळी जो अडथळा जाणवतही नाही, तो संध्याकाळी डोंगर होतो.

हे मला कागदावर पटलं, पण आजीला कागदावर पटणार नव्हतं. म्हणून चावीची वेळ बदलली. रात्री नऊऐवजी सकाळी नऊ. आता संध्याकाळचे सहा म्हणजे नऊ तास, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे सहा म्हणजे २१ तास. माझं खरं असेल तर घड्याळानं दिवेलागण सोडून पहाट धरायला हवी होती. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही आणि आजी गालात हसत होती. तिसऱ्या दिवशी मी साडेपाचचा गजर लावून उठलो, घड्याळ चालू होतं. ६:०८ ला थांबलं. आजीला उठवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग आता सकाळी आठवण करायलंय." काही वाद जिंकता येत नाहीत.

हा प्रयोग घरी कुणालाही करता येतो, त्याला कुठलंच हत्यार लागत नाही. घड्याळ ठरावीक वेळेला थांबत असेल तर चावीची वेळ बारा तासांनी सरकवा. थांबण्याची वेळही बारा तासांनी सरकली तर दोष काट्यांत किंवा डायलखालच्या चाकांत आहे, आणि कमानीची ताकदही तोकडी पडतेय. दोन्ही.

धुतल्यावर का चालायचं?

तिन्ही दुकानदारांना मी लबाड समजत होतो. ते तितकं खरं नव्हतं. घड्याळ धुऊन ताजं तेल घातलं की चाकांतलं घर्षण कमी होतं, झुलत्या चाकापर्यंत जास्त ताकद पोचते, आणि २१ व्या तासालाही काटा घासून निघून जातो. दोन-तीन महिन्यांत तेल पसरतं, सुकतं, धूळ बसते, आणि मूळ अडथळा पुन्हा डोकं वर काढतो. सर्व्हिसिंगनं रोग बरा होत नव्हता, झाकला जात होता. आणि दर वेळी "तीन महिने चाललं ना?" म्हणून आपण पुन्हा कुठल्यातरी दुकानाची पायरी चढायचो.

तेलाबद्दल थोडं रागानं लिहितो, माफ करा. आमच्या घड्याळात एका दुकानानं शिलाई मशीनचं तेल घातलं होतं. चाचांनी वासानं ओळखलं. ते पातळ असतं, जागेवर थांबत नाही. घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर येईल एवढंच, माणकाच्या खोलगट वाटीत ठेवायचं असतं, आणि ती वाटी त्याला धरून ठेवते. चाकांच्या दातांना तेल लावायचं नसतं. नांगराच्या आसाची टोकं बहुधा कोरडीच ठेवतात. हेअरस्प्रिंगला तर तेलाचा स्पर्शही नको, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटंच्या मिनिटं पुढं पळतं. आणि आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. त्या उन्हात आधीच पातळ असलेलं तेल किती पसरत असेल याचा विचार करा. वर काळ्या मातीची धूळ. पेरणीआधी वारा सुटला की बंद खिडकीच्या आतही तिचा थर बसतो. तेल आणि ही माती मिळून जे होतं त्याला चाचांचा शब्द होता 'काजळ'. वहीतल्या त्या पाच बेहिशेबी नोंदी, सव्वाअकरा, पावणेतीन, त्या या काजळाच्या होत्या.

काजळाबरोबर तंतूही निघाले. घड्याळ आम्ही हिमरूच्या जुन्या तुकड्याच्या थैलीत ठेवायचो, औरंगाबादचं हिमरू, आजीच्या शालूबरोबरचं. दिसायला देखणं. पण सुती-रेशमी धागे सुटतात आणि मागच्या झाकणाच्या फटीतून आत जातात. आता थैली कपाटात आणि घड्याळ साध्या काचेच्या डबीत. आणखी एक कबुली: आजी दिवाळीला तांब्या-पितळेबरोबर घड्याळाचं झाकणही चिंचेनं घासायची. ते थांबवलं. पाणी आणि आंबट, दोन्ही आत झिरपत होतं, आणि झाकणावरची कोरीव नक्षी निम्मी गेलीच आहे.

काटे कसे तपासायचे

पुढची काच बहुतेक घड्याळांत कडीसकट दाबून बसवलेली असते. कडेला नखाएवढी खाच असते तिथून उचलायची. काहींची फिरवून निघते. जोर लागायला लागला तर थांबा. डायल बऱ्याचदा तांब्याच्या पत्र्यावर भाजलेल्या पांढऱ्या मिन्याची असते, अंगठ्याचा दाब बसला तर केसासारखी चीर जाते आणि ती कधीच भरत नाही. एक सावधगिरी: काट्यांवर किंवा आकड्यांवर पिवळट-तपकिरी, एके काळी अंधारात चमकणारा रंग असेल आणि घड्याळ १९६० च्या आधीचं असेल, तर काच काढूच नका. तो रेडियमचा असण्याची दाट शक्यता असते. चमक गेली तरी रेडियम जात नाही, आणि त्याची पूड श्वासात जाऊ नये.

काच निघाल्यावर काटे बोटानं ढकलायचे नाहीत, डोक्याच्या चावीनंच सहावर आणायचे. मग डोळा डायलच्या पातळीला आणून, समोर खिडकीचा उजेड घेऊन, आडवं बघायचं. तासकाट्याच्या खाली आणि सेकंदकाट्याच्या वर उजेडाची रेघ दिसली पाहिजे. पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी मधून सरकवून बघा. अलगद सरकली पाहिजे, सेकंदकाटा हलता कामा नये. आमच्या घड्याळात उजेड दिसतही नव्हता. भिंगातून तासकाट्याच्या पोटावर एक चकचकीत ओरखडा दिसला. काटे पोलादाचे आणि निळे. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापवलं की त्यावर हा निळा रंग चढतो. त्या निळ्यावर पांढरा ओरखडा लगेच उठून दिसतो.

मग रोज का नाही लागत, असा प्रश्न मलाही पडला होता. चाकांच्या आसांना आपापल्या भोकात केसभर वर-खाली सरकायला जागा ठेवलेली असते, तशी ठेवावीच लागते. घड्याळ उताणं, पालथं, उभं, जसं असेल तसे काटे त्या केसाएवढे सरकतात. म्हणून कधी लागतात, कधी निसटतात.

मूळ कारण बघून हसू आलं. सेकंदकाटा त्या घड्याळाचा नव्हताच. मूळचा कधीतरी हरवला असावा आणि कुणीतरी दुसऱ्या घड्याळाचा बसवलेला. त्याची नळी लांब, म्हणून काटा आसावर नीट खाली बसत नव्हता आणि वर राहत होता. चाचांच्या पुतण्यानं, जो आता ते दुकान चालवतो, नळी घासून लहान केली, काटा खाली बसवला, तासकाट्याचं टोक किंचित वर घेतलं. वीस मिनिटांचं काम. मग घड्याळ पूर्ण खोलून धुतलं आणि योग्य तेल योग्य जागी घातलं. क्रम महत्त्वाचा: आधी काटे, मग धुणं. उलट केलं असतं तर चौथ्यांदा तीच गोष्ट झाली असती.

तुमची नोंद वेगळी आली तर

सगळ्यांचं घड्याळ सहाला थांबणार नाही. थांबण्याच्या वेळा साधारण १:०५, २:११, ३:१६, ४:२२ अशा येत असतील तर तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांना लागतायत. हे दोघं बारा तासांत ११ वेळा, दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी, एकमेकांवर येतात. तास कुठलाही असो पण मिनिटकाटा दर वेळी एकाच जागी दिसत असेल तर मधल्या चाकाचा एखादा दात वाकलेला किंवा त्यात काही अडकलेलं असू शकतं, नाहीतर मिनिटकाट्याचं टोक काचेला लागत असेल. फक्त सेकंदकाटा दर वेळी एकाच आकड्यावर असेल आणि बाकीचे कुठंही, तर चौथं चाक बघायला सांगा. वेळांना काहीच ताळमेळ नसेल तर बहुतेक काजळच.

टेबलावर चालतं आणि खिशात थांबतं, हा वेगळा प्रकार. तिथं बॅलन्सची आस झिजलेली किंवा वाकलेली असते. पडलेल्या घड्याळांत हे फार. आस नवी घडवून घ्यावी लागते आणि ते काम करणारे हात आता कमी राहिलेत. खर्च विचारून मगच द्या.

थांबत नाही पण एकाएकी पुढं पळायला लागलं, दिवसाला पाच-दहा मिनिटं, तर आधी लोहचुंबकाचा संशय घ्या. मोबाईलच्या शेजारी, चुंबकाच्या बटणाच्या पर्समध्ये, टीव्हीच्या स्पीकरजवळ ठेवलं होतं का? शाळेतला साधा होकायंत्राचा डबा घड्याळाजवळ, बॅलन्सच्या बाजूला धरा. सुई थरथरली किंवा घड्याळाबरोबर वळली तर चुंबकत्व शिरलंय. ते काढायचं छोटं यंत्र बऱ्याच घड्याळजींकडं असतं, मिनिटभराचं काम. यासाठी कुणी सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर उठून या.

आणि "चावी जास्त दिली म्हणून अडकलं" हे खरं नाही. पूर्ण चावी बसूनही घड्याळ चालत नसेल तर पुढं कुठंतरी अडथळा आहे, कमान आपलं काम करून बसलीय. शेवटचे दोन वळसे भीतीनं न देणारे लोक उलट आपल्याच घड्याळाला २१ व्या तासाला उपाशी ठेवतात.

दुकानात जाताना वही घेऊन जा. "बंद पडतं" म्हणू नका. "सहाच्या अलीकडं-पलीकडं थांबतं, सेकंदकाटा साठजवळ असतो, चावीला वीसेक तास झालेले असतात," असं म्हणा. चांगला घड्याळजी तिथंच खुर्ची पुढं ओढेल. न ऐकता "ठेवून जा, तेल घालून ठेवतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा. जाताना तुमच्या समोर डायलचा, काट्यांचा आणि आतल्या कोरलेल्या अक्षरांचा फोटो काढा. चोरीच्या संशयानं नव्हे. आमचा सेकंदकाटा कुठल्या दुकानात बदलला हे आम्हाला आजही सांगता येत नाही, तेवढ्यासाठी.

आमचं घड्याळ आता दोन पावसाळे बघून चालू आहे. उन्हाळ्यात थोडं मागं पडतं. झुलतं चाक साधं आणि हेअरस्प्रिंग पोलादी असेल तर तापमानाच्या दर अंशामागं दिवसाला दहा-अकरा सेकंद जातात. आमचं चाक पितळ-पोलाद जोडून कापलेलं आहे, म्हणून तेवढं नाही, पण मे महिन्यात दिवसाला वीस-पंचवीस सेकंदांचा फरक दिसतोच. मागचा बारीक काटा सरकवून तो काढता येईल. मी हात लावलेला नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ते आपोआप जागेवर येतं, आणि चावी आता मी सकाळी शाळेला निघताना देतो.